पोलीस प्रशिक्षणात खरेपणा आणणारं तंत्रज्ञान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चांदमारी होतेच की. मग सिम्युलेटर, लेझर, रंगीत काडतुसं हे सगळं कशाला?

चांदमारीतलं लक्ष्य हलत नाही, बोलत नाही, हात वर करत नाही आणि उलट गोळीही झाडत नाही. गोळी झाडायचीच आहे हे शिपायाला आधीपासून ठाऊक असतं, ती कुठे लागते एवढंच बघायचं उरतं. रस्त्यावर मात्र झाडायची की नाही इथूनच सुरुवात होते. शिवाय रेंजवरचा नेम प्रत्यक्ष चकमकीत तसाच राहील याची खात्री नसते. न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबाराच्या नोंदी रँड संस्थेने तपासल्या. १९९८ ते २००६ या काळात समोरून गोळीबार सुरू असताना पोलिसांच्या सुमारे १८ टक्के गोळ्या लागल्या, समोरून गोळीबार नसताना सुमारे ३० टक्के. हे सगळे रेंजची परीक्षा पास झालेलेच लोक होते.

म्हणून चांदमारी बंद करायची नाही. शस्त्राची पकड, चापावरचं बोट, मॅगझिन बदलणं, अडकलेलं काडतूस काढणं हे तिथेच पक्कं होतं. नेमच नीट बसलेला नसेल त्याला सिम्युलेटरवर उभं करून काही साधत नाही.

यात प्रकार कोणकोणते आहेत?

ढोबळमानाने चार. पहिला पडद्याचा सिम्युलेटर: प्रोजेक्टरवर प्रसंग चालतो, हातातल्या शस्त्रातून अदृश्य लेझरचा ठिपका पडतो आणि कॅमेरा तो टिपतो. दुसरा आभासी वास्तवाचा, म्हणजे डोक्याला लावायचा हेडसेट. तिसरा अंगावर संवेदक आणि शस्त्रावर लेझर लावून माणसांनी माणसांविरुद्ध करायचा सराव. अमेरिकी लष्कराची माइल्स ही यंत्रणा याच जातीची. चौथा रंगीत खूण उमटवणाऱ्या काडतुसांचा.

पडद्याच्या सिम्युलेटरमधलं फॅट्स हे जुनं नाव. ती कंपनी १९८४ मध्ये अमेरिकेत जॉर्जिया राज्यात जोडी शेक्टरने काढली. १९७९ चा फॉर्म्युला वन विश्वविजेता तो हाच. भारतात हैदराबादची झेन टेक्नॉलॉजीज अशी यंत्रं बनवते.

एकच घ्यायचं बजेट असेल तर काय घ्यावं?

आधी काय शिकवायचं ते ठरवा. हजारो शिपायांना 'झाडू की नको' हा निर्णय आणि तोंडी हुकूम शिकवायचे असतील तर पडदा. शीघ्र कृती दलाच्या तुकडीला इमारतीतल्या खोल्यांत शिरून एकेक खोली धोकामुक्त करायला शिकवायचं असेल तर पडदा जवळजवळ निरुपयोगी, कारण पडद्याला कोपरा नसतो. तिथे रंगीत काडतुसं हवीत. गडचिरोलीतल्या सी-६० या नक्षलविरोधी पथकासारख्या, जंगलात पांगून चालणाऱ्या पथकाला लेझरच्या जाकिटांचा उपयोग जास्त. आणि बजेट खरोखरच तुटपुंजं असेल तर प्लायवूडच्या भिंती, रबरी शस्त्रं, दोन व्हिडिओ कॅमेरे आणि प्रसंग नीट लिहिणारा एक उस्ताद एवढ्यात बरंच काम होतं. महागडा पडदा घेऊन प्रसंग मात्र परदेशातले चालवण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

पडद्याच्या सिम्युलेटरवर रायफलचा लांबचा सराव होतो का?

मर्यादेत. हिशेब करून बघा. पडदा ५ मीटरवर असेल तर १०० मीटरवरचा १.८ मीटर उंचीचा माणूस पडद्यावर फक्त ९ सेंटिमीटरचा दिसला पाहिजे. आता ३ मीटर रुंद पडद्यावर १९२० ठिपक्यांचं चित्र टाकलं तर एक ठिपका १.५६ मिलिमीटरचा होतो. ३०० मीटरच्या प्रमाणात तोच एक ठिपका ९ सेंटिमीटरहून मोठा. म्हणजे ३०० मीटरवरच्या माणसाचा चेहरा रुंदीला दीड-दोन ठिपक्यांचा! त्याच्या हातात मोबाइल आहे की पिस्तूल, हे कुणालाच दिसणार नाही. पिस्तुलाच्या अंतरांना, म्हणजे ३ ते १५ मीटरला, हेच यंत्र उत्तम चालतं. निविदेत 'सर्व अंतरांसाठी योग्य' असं लिहून आलं तर प्रोजेक्टरचे ठिपके आणि पडद्याची रुंदी मागून घ्या आणि भागाकार स्वतः करा.

लेझरचा ठिपका भलतीकडेच नोंदला जातो. दोष कुणाचा?

बहुतेक वेळा यंत्राचा नसतो. या क्रमाने तपासा:

१. खोलीत ऊन येतंय का. कॅमेरा इन्फ्रारेड बघतो, आणि ऊन व जुने पिवळे बल्ब दोन्हींत इन्फ्रारेड भरपूर असतं. खिडकीची फट काळ्या कापडाने बंद करा, बल्ब काढून एलईडी लावा.
२. कॅमेरा किंवा प्रोजेक्टर हलला आहे का. छताचा पंखा त्याच कडीला टांगलेला असेल तर रोज थोडा थोडा हलतो. दोन्ही वेगळ्या पक्क्या ब्रॅकेटवर घ्या आणि पडद्याची जुळणी पुन्हा करा.
३. जुळणी झाल्यावर प्रत्येक शस्त्र वेगळं झिरो करा, म्हणजे नेम आणि ठिपका जुळवा. लेझरची नळी बॅरलमध्ये काढून-घालून बसते आणि दर वेळी किंचित वेगळी बसते. प्रसंग सुरू होण्याआधी पाच गोळ्यांचा गट घ्या.
४. दोघे एकाच क्षणी झाडतात तेव्हा गोळ्यांची अदलाबदल होत असेल तर मामला कॅमेऱ्याच्या वेगाचा. सेकंदाला ६० चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्याला सुमारे १७ मिलिसेकंदांच्या आतले दोन ठिपके एकाच चित्रात दिसतात. प्रत्येक शस्त्राच्या लेझरला वेगळी ओळख देणारी यंत्रणा असेल तरच ते वेगळे करता येतात.

धुकं किंवा धूर वापरत असाल तर लेझर विखुरतो आणि बऱ्याच गोळ्या नोंदल्याच जात नाहीत. धुराचा प्रसंग घ्यायचाच असेल तर गुणांची नोंद बंद ठेवून फक्त निर्णय बघा. इमारतीच्या आग-इशारा यंत्रणेवरच्या माणसालाही आधी कळवा.

रिकॉइलची, म्हणजे गोळीच्या धक्क्याची नक्कल करणारी मॅगझिनं उन्हाळ्यात गळतात, हिवाळ्यात दम टाकतात. का?

बऱ्याच यंत्रांत स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ढकलायला मॅगझिनमध्ये द्रव कार्बन डायऑक्साइड भरतात. २० अंशांना त्याचा दाब सुमारे ५७ बार असतो. तापमान चढलं की दाबही चढतो. ३१ अंशांच्या वर तो द्रव उरतच नाही आणि ठासून भरलेल्या मॅगझिनमधला दाब झपाट्याने वाढतो. चंद्रपूर-नागपूरकडच्या मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या मॅगझिनचं रबरी ओ-रिंग आधी जातं. भरलेली मॅगझिनं सावलीत, थंड खोलीत ठेवा, निर्मात्याने सांगितलेल्या वजनापेक्षा जास्त भरू नका, काट्यावर तोलून भरा.

उलट बाजू अशी की थंडीत दाब मुळातच कमी असतो, त्यात एकापाठोपाठ भराभर झाडलं की वायू बाहेर पडताना मॅगझिन गार पडतं, दाब उतरतो आणि स्लाइड पूर्ण मागे जात नाही. शिकणाऱ्याला वाटतं शस्त्र अडकलं. प्रत्येकामागे तीन मॅगझिनं फिरती ठेवली तर हा त्रास जवळजवळ संपतो.

एक सांगून ठेवतो: हा धक्का खऱ्या गोळीच्या धक्क्यापेक्षा कमीच असतो. ढिली पकड इथे खपून जाते, रेंजवर खपत नाही. सिम्युलेटरवर सुंदर गट येणारा माणूस खऱ्या राउंडला खाली-डावीकडे मारू लागला तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

हेडसेट स्वस्त होत चाललेत. पडदा सोडून सरळ तेच घ्यावेत का?

निर्णयाच्या सरावासाठी घ्या, नेमासाठी नको. हेडसेटची भिंगं डोळ्याला एकाच ठरावीक अंतरावर केंद्रित ठेवतात, बहुधा एक-दोन मीटरवर. खऱ्या पिस्तुलावर नजर पुढच्या साइटवर, म्हणजे नळीच्या टोकाकडच्या नेमाच्या खुणेवर, आणून लक्ष्य धूसर ठेवावं लागतं. ती सवय इथे लागत नाही. मळमळ होणारेही प्रत्येक तुकडीत निघतात. पहिली बैठक दहा मिनिटांपेक्षा मोठी ठेवू नका, डोळ्यांमधलं अंतर प्रत्येकासाठी जुळवा, आणि बाहेर आल्यावर अर्धा तास गाडी चालवू देऊ नका.

फायदा मात्र मोठा आहे: मागे वळून बघता येतं. सपाट पडद्यावर धोका नेहमी समोरूनच येतो आणि शिपायाला पाठीमागचं जग विसरायची सवय लागते. ज्यांना परवडतं ते पाच पडद्यांचा, तीनशे अंशांचा घेर लावतात. त्याला लागणारी जागा, पाच प्रोजेक्टर आणि त्यांची एकमेकांशी जुळणी बघता जिल्हा मुख्यालयाला हेडसेटच सोयीचा.

रंगीत काडतुसं म्हणजे नेमकं काय? पेंटबॉल की एअरसॉफ्ट?

दोन्ही नव्हे. सिम्युनिशन एफएक्स किंवा यूटीएम या प्रकारच्या काडतुसांत थोडा स्फोटक भार, हलकी प्लास्टिकची गोळी आणि पाण्याने धुऊन निघणारा रंग असतो. ती पोलिसांच्याच जातीच्या शस्त्रातून झाडतात, पण शस्त्राचे काही भाग बदलून: पिस्तुलात बॅरल किंवा स्लाइड, रायफलीत बोल्ट. या बदललेल्या भागांमुळे खरं काडतूस चेंबरमध्ये बसत नाही किंवा उडत नाही, म्हणून ते कधीही वगळायचे नाहीत. ग्लॉक कंपनी तर यासाठी निळ्या फ्रेमचं १७टी हे वेगळंच पिस्तूल बनवते, आणि लेझर सरावासाठी लाल फ्रेमचं १७आर. रंग लांबून ओळखू यावा हाच हेतू, त्यामुळे निळ्या फ्रेमवर काळी टेप गुंडाळणारा उत्साही भेटला तर त्याला त्या दिवसापुरतं घरी पाठवावं.

एअरसॉफ्टची ०.२० ग्रॅमची गोळी सेकंदाला १०० मीटर वेगाने गेली तर तिची ऊर्जा १ ज्यूल. स्वस्त पडते, आवाज कमी, पण कपड्यावर लागली की नाही यावर वाद होतात. रंगीत काडतुसाचा डाग वाद मिटवतो. लागतंही चांगलंच: पातळ सदऱ्यावरून वळ उठतो. त्या भीतीनेच माणूस दारातून आत जाण्याआधी कोपरा बघतो, जे लेझरने सहसा होत नाही.

अंगावर काय घालायचं?

पूर्ण चेहरा झाकणारा आणि त्याच काडतुसांसाठी निर्मात्याने मान्य केलेला मुखवटा. एअरसॉफ्टचा जाळीचा मुखवटा अजिबात नको, त्यातून रंग आणि प्लास्टिकचे तुकडे आत येतात. गळपट्टा, जांघेचं कवच, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जाड सदरा. बंद खोलीत ब्लँक, म्हणजे गोळी नसलेली, नुसता आवाज करणारी काडतुसं वापरत असाल तर कानात बोळे आणि वरून कर्णरक्षक, दोन्ही. काडतुसांसाठी किमान अंतर निर्मात्याने दिलेलं असतं, साधारण एक मीटर. त्याच्या आत आल्यावर झाडायचं नाही, शब्दाने 'लागली' म्हणायचं.

खरं काडतूस चुकून सरावात येऊ नये म्हणून काय करायचं?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. ऑगस्ट २०१६ मध्ये फ्लोरिडातल्या पुंटा गोर्डा शहरात पोलिसांनी नागरिकांना 'गोळी झाडायची की नाही' याचं प्रात्यक्षिक दाखवताना एका ७३ वर्षांच्या महिलेचा मृत्यू झाला. .३८ रिव्हॉल्वरमध्ये ब्लँक समजून भरलेली काडतुसं खरी होती, वॉडकटर जातीची. वॉडकटरची गोळी सपाट असते आणि पुंगळीच्या काठाशी बरोबर बसते, टोक बाहेर दिसत नाही. त्यामुळे ती ब्लँकसारखीच वाटते. तिथे कमी पडली ती तपासणी.

पद्धत अशी ठेवा:

१. सरावाचा परिसर दोरीने बांधून घ्या, आत जायला एकच वाट. त्या वाटेवर सुरक्षा अधिकारी. तो सरावात भाग घेत नाही आणि प्रशिक्षकही नसतो.
२. वाटेबाहेर टेबल. सगळी सेवा शस्त्रं, काडतुसं, चाकू, पेपर स्प्रे तिथे जमा, नोंदवहीत सही. शस्त्रागारातून आलेल्या पेटीतही खरं काडतूस नसल्याची खात्री तिथेच.
३. तीन तपासण्या: स्वतः, जोडीदार, सुरक्षा अधिकारी. खिसे, पाऊच, मोजे, पँटची मागची पट्टी, सगळं हाताने चाचपायचं. नुसती नजर पुरत नाही.
४. तपासणी झालेल्याच्या दंडाला रंगीत फीत. फीत नाही तर प्रवेश नाही, मग तो पोलीस अधीक्षक असो.
५. कुणीही बाहेर जाऊन आला, चहाला का होईना, की पुन्हा तिन्ही तपासण्या.
६. काडतुसं वाटणारा एकच माणूस, आणि तो प्रत्येक काडतूस उजेडात हातात घेऊन बघतो.

सराव जेवणाच्या सुट्टीनंतर सुरू होतो तेव्हा पाचवा नियम हमखास मोडतो. कुणीतरी बंदोबस्ताचा फोन आला म्हणून शस्त्र घेऊन जातो आणि तसाच परत येतो.

लेझर जाकिटांच्या सरावात कोणत्या चुकीच्या सवयी लागतात?

सगळ्यात वाईट सवय आडोशाची. लेझर गवताच्या पात्याने, पडद्याने, पातळ पत्र्यानेही अडतो. खरी गोळी प्लायवूडचा दरवाजा, एक पदरी पत्रा, लाकडी कपाट यातून सहज पार होते. दोन दिवस लेझरवर घालवलेला जवान झुडपामागे बसून सुरक्षित समजू लागतो. उपाय साधा आहे: सरावाच्या जागेत गोळी अडवणाऱ्या आडोशांना, म्हणजे भरलेल्या वाळूच्या पोत्यांना, विटांच्या भिंतीला, गाडीच्या इंजिनाच्या भागाला, लाल खूण करा. खूण नसलेल्या आडोशामागे बसलेल्याला पंच 'लागली' म्हणून बाद ठरवेल.

संवेदकांवर चिखल लावणं, जाकीट उलटं घालणं हे प्रकारही होतात. हरू नये म्हणून माणूस काय वाटेल ते करतो. सराव सुरू होण्याआधी प्रत्येक संवेदकावर चाचणीचा लेझर मारून बघा.

प्रसंग कसे लिहावेत? कंपनीचे तयार प्रसंग चालतील का?

तयार प्रसंगांत बहुधा अमेरिकेतली रुंद गल्ली, गाडी बाजूला घ्यायला लावणारा अधिकारी आणि इंग्रजी बोलणारा आरोपी असतो. आपल्याकडे चाळीचा जिना असतो, एसटी स्टँड असतं, भोवती मोबाइल उंचावून उभी राहिलेली पन्नास माणसं असतात. हुकूमही 'थांब, हात दिसू दे' असा मराठीत किंवा हिंदीत द्यायचा असतो. म्हणून करारात स्वतःचे प्रसंग चित्रित करून घालण्याचा हक्क लिहून घ्या. प्रशिक्षक हुकुमाप्रमाणे फाटे बदलू शकेल असा प्रसंग हवा: शिपाई स्पष्ट बोलला तर माणूस कोयता टाकतो, गुळमुळीत बोलला तर पुढे येतो.

निम्म्याहून जास्त प्रसंग एकही गोळी न झाडता संपले पाहिजेत. नाहीतर सिम्युलेटर लागला की झाडायचं, हेच शिक्षण होतं. 'झाडायचा' आणि 'न झाडायचा' प्रसंग अगदी सारखे सुरू करा: तोच माणूस, तोच सदरा, खिशाकडे जाणारा तोच हात, एकदा पाकीट, एकदा कट्टा. शिपायाला गोळी लागली तर प्रसंग तिथेच तोडू नका. लागल्यावरही हलायचं, आडोसा घ्यायचा, वायरलेसवर कळवायचं, हे त्याच्या अंगी बसू द्या.

सुरी घेऊन धावणाऱ्याचा प्रसंग ठेवताना १९८३ मधलं अमेरिकी पोलीस प्रशिक्षक डेनिस टुलर यांचं निरीक्षण वापरतात: २१ फूट, म्हणजे सुमारे ६.४ मीटर, माणूस साधारण दीड सेकंदात पार करतो, तेवढ्यात म्यानातून पिस्तूल काढून गोळी झाडायला मुश्किलीने वेळ मिळतो. हे अंतर राखायला आणि बाजूला सरकायला शिकवण्यासाठी आहे. '२१ फुटांच्या आत आला की झाडा' असा नियम त्यातून निघत नाही.

कायद्याचा भाग यात कुठे बसतो?

प्रसंग संपल्यावर लगेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ मध्ये अटकेसाठी लागणाऱ्या बळाची मर्यादा आहे, कलम १४८ मध्ये जमाव पांगवण्याची. खासगी बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये. गोळीबारात मृत्यू झाला तर पुढे काय करायचं, यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये पीयूसीएल (ही नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १६ सूचना दिल्या आहेत, स्वतंत्र तपासासह.

शिपायाला व्हिडिओ न दाखवता आधी कागद द्या आणि स्टेशन डायरीत लिहितो तशी नोंद लिहायला सांगा: किती वाजता, किती अंतरावरून, काय हुकूम दिला, त्याच्या हातात काय होतं, किती गोळ्या झाडल्या. मग व्हिडिओ लावा. 'दोन राउंड झाडले' असं लिहिलेल्याचे पडद्यावर चार निघतात. 'हत्यार टाक असं तीनदा म्हणालो' असं लिहिणाऱ्याचा आवाज एकदाच ऐकू येतो. ताणाखाली आठवण अशीच वागते, यात खोटेपणा नसतो. फक्त न्यायालयात तो फरक महागात पडतो, हे त्याला त्याच खोलीत कळलेलं बरं.

एका दिवसात किती जण होतात?

वाटतं त्यापेक्षा कमी. तीन मिनिटांचा प्रसंग, दोन मिनिटांची तयारी, दहा मिनिटांची चर्चा: माणशी १५ मिनिटं, तासाला चार. ४० जणांच्या तुकडीला एका पडद्यावर दहा तास लागतात. वेळ वाचवायला सगळे पहिली कात्री चर्चेला लावतात आणि मग यंत्र व्हिडिओ गेमसारखं वापरलं जातं. त्याऐवजी बाकीच्यांना बाजूच्या खोलीत डीपी (फक्त सरावासाठीच्या, गोळी न उडणाऱ्या) शस्त्रांवर कोरडा सराव द्या आणि दोन दिवसांत तुकडी पूर्ण करा.

देखभालीत काय सुटतं?

कोकणात बुरशी. पावसाळ्यात प्रोजेक्टर व कॅमेऱ्याच्या भिंगावर बुरशी धरते. खोलीत आर्द्रता काढणारं यंत्र ठेवून ती ५० ते ५५ टक्क्यांवर आणा, सुट्टीतही बंद करू नका. मराठवाडा-विदर्भात धूळ: प्रोजेक्टरची जाळी महिन्याला काढून झटका. वीज गेली की दिव्याचा प्रोजेक्टर थंड न होता बंद पडतो आणि दिव्याचं आयुष्य कमी होतं, म्हणून त्याच्यासाठी स्वतंत्र यूपीएस. रंगीत काडतुसांचं शस्त्र त्याच दिवशी धुवा, रंग वाळला की चेंबर चिकटतं आणि पुढच्या वेळी काडतूस अडकतं. आणि बदललेलं बॅरल काढून मूळ बॅरल बसवण्याचं काम फक्त आर्मोररनेच, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्यानेच, करायचं, शस्त्राच्या क्रमांकासह नोंद करून, सराव संपल्यानंतर आणि खरी काडतुसं परत वाटण्याआधी.